दीड वाजताचा चोर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हे सांगताना अजून माझं डोकं तापतं, आणि ज्याच्यावर तापतं त्याला बडवताही येत नाही. का, ते कळेलच.

मी कात्रपचा. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचा एक कारखाना आहे, तिथले चार कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळतो. शिक्षण नववी. चारचौघांत बोलायला लाजतो, म्हणून जे सांगायचं ते लिहून चिकटवतो. 'पासवर्ड कोणालाही सांगू नये' ही भिंतीवरची पाटी माझीच.

एकदा सर्व्हरचा लॉग चाळला, म्हणजे कोण कधी आत आलं त्याची नोंद. तर रोज दुपारी दीडला कोणीतरी माझ्या नावाने आत शिरतंय! दीडला मी कुठे असतो? खाली वडापावच्या गाडीवर. आणि शिरतंय कुठून? दोन नंबरच्या मशीनवरून, म्हणजे कॉम्प्युटरवरून. तिथे कविताताई बसतात, खिशांवरच्या भरतकामाची डिझाइनं करतात.

तळपायाची आग मस्तकात गेली. पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी बरोबर दीडला लाल ओळ: चुकीचा पासवर्ड. तिसऱ्या दिवशीही तेच. म्हणजे चोराकडे जुना पासवर्ड होता! तो मी एकदाच, एकाच माणसाला फोनवर सांगितला होता. कविताताईंना. (पाटीबद्दल आत्ता विचारू नका.)

लाजरा माणूस तोंड उघडतो तेव्हा धरण फुटतं. मी सगळ्या कारखान्यासमोर शेठना सांगितलं की आपली डिझाइनं बाहेर जातात आणि ताई ती देतात. ताई तिथे अकरा वर्षं आहेत. शिलाईची मशिनं एकेक करून थांबली.

शेठ एवढंच म्हणाले, "साबित कर. नहीं तो तू जा."

ताई डबा उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. "दीड वाजेपर्यंत मी इथून हलत नाही. बघ तू."

आम्ही सगळे दोन नंबरच्या मशीनभोवती उभे. दीड वाजला. कोणी हात लावला नाही. आणि सर्व्हरवर लाल ओळ आली.

"भूत है क्या?" शेठ म्हणाले.

ताई हात पुसत आल्या. मशीनला आपोआप करायला लावलेल्या कामांची यादी त्यांनी उघडली. एकच काम होतं, आणि खाली टीप. ती त्यांनी मोठ्याने वाचली.

"'दीडला ताई जेवायला जातात, मशीन रिकामं असतं. तेव्हा डिझाइनांची कॉपी सर्व्हरवर जाईल. विसरू नये म्हणून लावून ठेवलं.'" मग माझं नाव वाचलं. सावकाश.

दोन वर्षांपूर्वी मीच लावलेलं काम! आणि पासवर्ड बदलून मीच ते बंद पाडलं होतं. तीन दिवसांच्या डिझाइनांची कॉपीच नव्हती.

"तो अब किसको निकालूँ?" शेठनी ताईंना विचारलं.

"चोराला ठेवा शेठ. कुलूप बदललं तरी वेळेवर कामावर येतो."

माझ्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. आरोप करताना बरा फुटला होता!

पाटी अजून भिंतीवर आहे. 'पासवर्ड कोणालाही सांगू नये.' खाली ताईंच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे: 'बाकी सगळं निदान स्वतःला तरी सांगावं.'