तुरे वेचणारी शांतव्वा

मंगळवार पेठेतल्या एका आयुर्वेदिक औषधशाळेत मी एकतीस वर्षं कढईवर होतो. कढई उचलणारा माणूस दुसऱ्याच्या कामाला सहसा चांगलं म्हणत नाही. मीही म्हणत नसे. शांतव्वाचं काम पाहिलं आणि म्हणावं लागलं.

शांतव्वा भांगेचं पान निवडायची. मूळची गडहिंग्लजच्या पलीकडची, घरात कानडी. जमिनीवर पांढरं धोतर अंथरायची, एक पाय दुमडून, एक पसरून बसायची. परवान्यावर आलेलं, सील केलेलं पोतं तिच्यापुढं उघडायचं. पान उजवीकडच्या बुट्टीत. पानात चुकून आलेला फुलोऱ्याचा तुरा डावीकडच्या काचेच्या बरणीत. निवडलेलं पान मग माझ्याकडं. मी ते फडक्यात बांधून धुवायचो, पाण्याला हिरवा रंग सुटेनासा होईपर्यंत. सहा पाणी, कधी सात. वाळवायचं आणि गाईच्या तुपात मंद आचेवर परतायचं. मग ते जुलाबाच्या आणि झोपेच्या चूर्णात जायचं.

तुरा का काढायचा, हे मला मालकांनी सांगितलं. भूपाल आण्णा, स्वतः वैद्य. त्यांच्या वडिलांच्या काळी गांजा आणि भांग दोन्ही सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायचं. वैद्य दोन्ही वापरायचे, कुणी डोळे वटारत नव्हतं. पंचाऐंशी साली दिल्लीत कायदा झाला. फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा, तो बंद. शेंड्याशिवायचं नुसतं पान त्यात धरलं नाही, ते राज्याच्या परवान्यावर राहिलं. म्हणजे एकाच फांदीवरचं खालचं पान औषध आणि वीतभर वरचा तुरा गुन्हा. पोत्यात दोन्ही एकत्र चुरून येतं. वेगळं करायचं शांतव्वानं.

आण्णांच्या मागं त्यांची मुलगी आदिती औषधशाळा बघू लागली. तीही वैद्य. मोबाइलवर काही वाचलं की आम्हाला सांगायची. वीस साली जगातल्या देशांनी मतदान करून हे झाड सगळ्यात कडक यादीतून काढलं, भारताचंही मत त्याच बाजूला पडलं. पुढच्या वर्षी आपल्याकडं त्याच्या बीला खाद्य म्हणून मान्यता मिळाली.

“आन् पान?” शांतव्वानं विचारलं.

“पान औषध. परवाना लागतो.”

“आन् तुरा?”

“तुरा अजून गुन्हाच, अव्वा.”

शांतव्वाचा हात थांबला नाही. “म्हंजे एका आईची तीन लेकरं. एक जेवाय घालतंय, एक औषध देतंय, तिसरं जेलात. तिसऱ्यानं काय केलंतं?”

“केलं काही नाही. कायदा तसा आहे.”

“मग जामीन तरी द्या की.”

आदिती हसली. पण त्याच महिन्यात तिनं शांतव्वाला समोर बसवून सांगितलं. शांतव्वाचं वय अडुसष्ट. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवायला लागली होती.

“अव्वा, पुण्यात चाळणीचं यंत्र बघितलंय. तुम्ही आता पुड्या बांधायला बसा.”

“माझ्या निवडीत तुरा घावला व्हय कधी?”

“नाही. पण सापडला तर माझा परवाना जाईल, वर पोलीस केस. तुमचे डोळे गेलेत.”

“सरकारी तपासणी कवा हाय?”

“महिनाअखेरीला.”

“त्यात एक जरी तुरा घावला तर आण तुझी चाळणी. मी पुड्या बांधीन. न्हाई घावला तर ह्या धोतरावरनं मला उठवायचं न्हाई.”

आदिती कबूल झाली. शांतव्वाला पुड्या बांधणं म्हणजे पांगळ्याचं काम वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

घोळ मी केला. तपासणीला तीन दिवस होते. आमच्यात लाल फडकं टाकलेली बुट्टी म्हणजे निवडलेली, उघडी म्हणजे न निवडलेली. त्या दिवशी कढईचा कान तापला होता आणि माझं फडकं भिजलेलं. मी शेजारच्या बुट्टीवरचं लाल फडकं ओढलं, कढई उतरवली, फडकं परत टाकलं ते दुसऱ्या बुट्टीवर. दुपारी लाल फडक्याची बुट्टी उचलून पिंपात ओतली. पिंपात आठ दिवसांचं निवडलेलं नऊ किलो पान होतं. वर मी किलोभर न निवडलेलं मिसळलं.

शांतव्वा जेवून आली. पिंपात हात घातला आणि तसाच ठेवला.

“ह्यात कुणी वतलं?”

“मी. लाल फडकं हुतं की बुट्टीवर.”

“फडकं हुतं. खाली काय हुतं?”

मला कळलं. झालेलं सगळं सांगितलं.

“एकतीस वर्सं कढई हलवलीस, ज्ञानू. फडक्याला हात लावायचा न्हाई एवढं शिकला न्हाईस? बैलबी आपलं दावं वळखतोय.”

“आदितीबाईंना सांगू?”

“सांग की. पयलं पिंप उचल. त्ये तरी येतंय न्हवं?”

आदिती घाबरली. तारीख पुढं मागते म्हणाली. शांतव्वा म्हणाली, “कशाला? दोन दिस हाईत की.”

नऊ आणि एक, दहा किलो. वाळलेलं पान किती हलकं असतं, हे ज्यांनी उचललंय त्यांनाच दहा किलोचा ढीग डोळ्यांपुढं येईल. माझ्या कमरेएवढा होता. आठ दिवसांचं काम दोन दिवसांत.

सकाळी आठला बसली, साडेपाचला उठली. मध्ये दोनदा उठली. मी पान पुढं सरकवायला बसलो होतो, गुन्हेगार म्हणून. चिमूट उचलायची, अंगठा आणि दोन बोटांतून सोडायची. पान खाली पडायचं, तुरा बोटांतच राहायचा. डोळे खिडकीकडं.

“बघत न्हाईस व्हय?”

“बघून काय दिसतंय? सगळा ढग हाय.” पहिल्यांदाच कबूल केलं तिनं. “पान कागद हाय. तुरा चिकाट. लागतंय हाताला.”

दर अर्ध्या तासानं बोटांना गोडं तेल चोळायची, राखेनं कोरडी करायची. चिकट बोटाला सगळंच चिकट लागतं, म्हणून. हा नियम तिनं एकदाही मोडला नाही. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ढीग संपला. बरणीत नवे दोनशे सतरा तुरे पडले होते. मी मोजले. सर्वांत मोठा हरभऱ्याएवढा, बाकीचे त्याहून बारीक. माझी पाठ बसून मोडली होती. ती उठली, लुगडं झाडलं आणि बस गाठायला गेली.

तपासणीला दोघं आले. तरुण साहेब आणि एक शिपाई. साहेबांनी पिंपातून पाच ठिकाणचं पान काढून पांढऱ्या कागदावर पसरलं आणि भिंगातून बघत बसले. पंधरा मिनिटं. आदिती भिंतीला टेकून उभी.

“ठीक आहे. स्वच्छ आहे,” साहेब म्हणाले आणि पेन काढलं.

शांतव्वा कागद उचलून पान पिंपात परत टाकत होती. तिचा हात थांबला.

“पावणं, थांबा. सही करू नगा.”

तिनं चिमूट पुढं केली. बोटावर ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी. साहेबांनी भिंग लावलं. तुरा होता.

आदितीनं डोळे मिटले. मला वाटलं, ही बाई गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? साहेबांना दिसला नव्हता. कुणालाच दिसला नव्हता.

“मला भिंगातून दिसला नाही. तुम्हाला कसा दिसला?” साहेब म्हणाले.

“मला तरी कुठं दिसला? लागला हाताला.”

“मग सांगितलंत कशाला?”

“निवडाय बसलोय न्हवं मी?”

साहेबांनी तिच्या डोळ्यांकडं बघितलं. दोन्ही बुबुळं दुधाळ. मग म्हणाले, “बरणीतले तुरे अजून जाळायचे आहेत ना? त्यात टाका.” तुरे त्यांच्यासमोर मोजून जाळायची रीत होती. शेवटचा धरून जाळले. कागदावर सही झाली.

शांतव्वा धोतराची घडी घालू लागली. “बोलल्यापरमानं घावला एक,” ती आदितीला म्हणाली. “उद्यापासनं पुड्या कुठं बांधायच्या?”

 आदितीनं ती घडी शांतव्वाच्या हातातून घेतली, परत जमिनीवर अंथरली आणि चारही कोपरे ओढून सरळ केले. यंत्र नको म्हणून पुण्याला फोन तिनं माझ्यासमोरच केला.

मी निवृत्त झालो त्याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात पेठेत गेलो तेव्हा शांतव्वा जागेवर होती. शेजारी बसलो, म्हटलं, बघू तरी. बोटांना तेल लावलं, राख लावली, डोळे मिटले. अर्ध्या तासात एक मूठ पान निवडलं. घाम फुटला.

शांतव्वानं ती मूठ आपल्या बोटांतून सोडली आणि त्यातले तीन तुरे माझ्या तळहातावर ठेवले.