काकांच्या डब्याचे अक्षांश-रेखांश

शनिवारी उजाडता उजाडता मॉरिसव्हिलहून निघालो, तेव्हा शेजारच्या सीटवर शैलाकाकूंनी दिलेला धपाट्यांचा पुडा होता आणि त्याच्यावर अरविंदकाकांचं पिवळं जीपीएस यंत्र. जायचं होतं पश्चिमेला, ब्लू रिजच्या डोंगरात. गाडीने चार तासांचा रस्ता. डोंगरात काकांनी दहाएक वर्षांपूर्वी लपवून ठेवलेला एक डबा होता आणि तो अजून जागेवर आहे की नाही, हे मला बघून यायचं होतं.

या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी डबा लपवतो, त्यात एक छोटी वही ठेवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. बाकीचे यंत्राच्या मदतीने तो शोधतात, वहीत नाव लिहितात आणि डबा होता तसा ठेवून येतात. काकांचा डबा शोधायला कुठून कुठून माणसं येत आणि सापडला की त्यांना दोन ओळी लिहून कळवत. काका त्या ओळी जेवताना आम्हाला वाचून दाखवायचे.

या वर्षी मात्र लागोपाठ तिघांनी ‘सापडला नाही’ असं लिहिलं. वेबसाइटचं काम बघणाऱ्या स्वयंसेवकाने काकांना कळवलं, की महिनाअखेरपर्यंत डबा जागेवर असल्याची खात्री करा, नाहीतर तो यादीतून कायमचा काढावा लागेल. काकांच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोंगर चढायचं नावच नको.

“जाऊ दे, काढू देत,” काका म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा तसाच ठेवला.

मी परतूरचा. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि अमेरिकेत शिकायला आलो तेव्हा मला या शहरात ओळखणारं कुणी नव्हतं. काका-काकूंनी वरची खोली दिली, बँकेत नेलं, गाडी शिकवली. मी म्हटलं, “काका, मी जातो. यंत्र तेवढं शिकवा.”

आठवडाभर माझं ऑफिस सुटल्यावर ते मला घराजवळच्या पार्कात नेत होते. काका काठी टेकून बाकावर बसत आणि मी यंत्र घेऊन झाडांमधून फिरत असे. एका जागी उभं राहिलं की बाण भरकटतो, दाट झाडीखाली आकडे उड्या मारतात, हे तिथे कळलं. “शेवटच्या तीस फुटांत यंत्र खिशात घालायचं,” काका सांगत. “पुढचं काम डोळ्यांचं. आणि एक लक्षात ठेव. कुणासमोर शोधायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. या खेळाचा नियम आहे.” शेवटच्या दिवशी त्यांनी मला गराजमध्ये नेऊन हळूच सांगितलं, “डबा स्टीलचा आहे. कडीचा. हिरवी टेप गुंडाळलीय. दोन जोडखडकांच्या फटीत ठेवलाय.”

हायवे सोडल्यावर एका छोट्या गावात नाश्त्याला थांबलो. वाढणाऱ्या बाईंना मांस नको म्हटल्यावर त्यांनी ग्रिट्स (मक्याच्या भरड्याची लापशी) आणि बिस्किट (इथे म्हणजे गरम, खुसखुशीत पाव) आणून ठेवलं. लापशी अळणी होती. मी गाडीतून धपाट्याचा तुकडा आणून तिच्याबरोबर खाल्ला.

“ते काय आहे, हनी?” बाईंनी विचारलं. मी तुकडा दिला. त्यांनी खाल्ला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “सकाळी सकाळी तुम्ही हे खाता? मग तुम्ही कुठलाही डोंगर चढाल.”

तिथून पुढे रस्ता वळणावळणाने वर चढू लागला. दोन्ही बाजूंना गच्च झाडी आणि दूरवर एकामागे एक डोंगर, मागचा पुढच्यापेक्षा फिका निळा. ट्रेलहेडला (पायवाट सुरू होते ती जागा) गाडी लावली. तिथे लाकडी माहितीकेंद्र होतं आणि पायरीवर एक सत्तरीच्या बाई नकाशांच्या घड्या घालत बसल्या होत्या. छातीवरच्या पट्टीवर ‘रूथ, स्वयंसेवक’ असं लिहिलेलं.

यंत्र सुरू केलं, तर खुणांची यादी रिकामी. पार्कातल्या सरावाच्या खुणा मी घरी पुसून टाकल्या होत्या. त्यांच्याबरोबर काकांच्या डब्याची खूणही पुसली गेली होती. बरं झालं, वेबसाइटचं पान फोनमध्ये साठवून ठेवलेलं. आकडे पुन्हा एकेक करून भरले. बाण फिरून थेट उत्तरेकडे थांबला. अंतर दाखवत होतं सात हजार मैलांच्या वर.

यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तेच.

“कुठे निघालात?” रूथबाईंनी विचारलं.

“इथेच, फिरायला.” काकांचा नियम मी पाळत होतो.

त्यांनी मान लांबवून पडद्याकडे पाहिलं. “सात हजार मैल? मग पाण्याची बाटली जरा मोठी घ्या.”

मी दूर जाऊन एका दगडावर बसलो आणि आकडे पहिल्यापासून तपासले. सगळे बरोबर. मग रेखांशाच्या आधीचं अक्षर दिसलं. मी ‘पूर्व’ भरलं होतं. शाळेत गुरुजींनी फळ्यावर नकाशा लावून आमच्याकडून रेखांश लिहून घेतले, ते सगळे पूर्वेचे. भारतात दुसरे असतच नाहीत. हाताने आपोआप तेच लिहिलं होतं आणि यंत्र मला उत्तर ध्रुवावरून तिबेटकडे न्यायला निघालं होतं. ‘पूर्व’चं ‘पश्चिम’ केलं, तसा डबा दीड मैलावर आला.

पायवाट ओढ्याच्या कडेने वर गेली. ओल्या पानांचा वास, पायाखाली मुळं. दोनदा घसरलो; दुसऱ्यांदा पँट गुडघ्यावर फाटली. अंतर तीस फुटांवर आल्यावर यंत्र खिशात घातलं आणि शोधायला लागलो. काकांनी सांगितलेले जोडखडक समोरच होते. त्यांच्यावर एक जाड फांदी तुटून पडलेली. खडकांमधल्या फटीत हात घातला. पालापाचोळा आणि एक बेडूक.

डबा नव्हता.

आजूबाजूचा प्रत्येक दगड बघितला. फांदी ढकलून तिच्याखाली बघितलं. यंत्र खडकावर ठेवून बराच वेळ जागा मोजू दिली. आकडे काकांच्या आकड्यांशी जुळले. म्हणजे जागा हीच. उतारावरून घरंगळला असेल म्हणून ओढ्यापर्यंत उतरलो आणि पुन्हा वर आलो. पाठ दुखायला लागली तेव्हा खडकावर बसून उरलेलं धपाटं खाल्लं. काकांना काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवून बघितली. एकही जुळेना.

‘नाही सापडला’ म्हणणारा चौथा मला व्हायचं नव्हतं. इथे डबा नसेल तर तो कुणीतरी उचलला असणार, आणि उचलणाऱ्याची चौकशी झाडांकडे करता येत नाही. मी खाली उतरलो आणि काकांचा नियम मोडला.

“मॅडम,” मी रूथबाईंना म्हणालो, “सकाळी मी अर्धंच सांगितलं. वर दोन खडकांच्या फटीत एक स्टीलचा डबा होता. माझ्या काकांचा.”

त्यांनी हातातला नकाशा खाली ठेवला. “तो जेवणाचा डबा? तो वर कोण विसरलं, म्हणून आम्ही वसंतापासून विचार करतोय.”

आत एक फळी होती. तिच्यावर टोप्या, चष्मे, एकट्या पडलेल्या काठ्या, आणि त्यांच्या मधोमध कडीचा डबा. टेप कधीच निघून गेली होती. एका बाजूला मोठा पोचा.

“पायवाटेवर पडलेल्या फांद्या उचलायला गेलो तेव्हा सापडला,” त्या म्हणाल्या. “झाकण निघेना. लोकांचा डबा फोडायचा तरी कसा? आणि यावर नाव असावं असं वाटतं, पण आमच्यापैकी कुणालाच वाचता येईना.”

मी डबा खिडकीकडे धरला. आपल्याकडे भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरतात, तसं कोरलेलं होतं: ‘चि. सौ. कां. शैला हिस, आत्याकडून’.

मी ते मोठ्याने वाचलं आणि त्यांना अर्थ सांगितला.

“म्हणजे ही लग्नाची भेट आहे,” रूथबाई म्हणाल्या. “आणि तुमच्या काकांनी ती जंगलात ठेवली. काकू अजून त्यांच्याबरोबर राहतात ना?”

झाकण कसं उघडायचं ते मला ठाऊक होतं. दगडाने कडेवर गोल गोल हलकेच ठोकत गेलो, तसं ते सुटलं. आत वही कोरडी होती. रूथबाईंनी ती चाळली आणि हा काय खेळ आहे ते विचारून घेतलं. मग स्वतःच मार्करने डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हरवलेला नाही. इथेच राहू द्या.’

ऊन कलायला लागलं होतं, गुडघा ठणकत होता. तरी मी तोच दीड मैल पुन्हा चढलो. वहीत नाव लिहिलं, डबा फटीत सरकवला, पुढे एक चपटा दगड लावला आणि फोटो काढला.

परतीच्या रस्त्यावर वाटत राहिलं, की आठवडाभर मी यंत्रावर एवढी मेहनत घेतली आणि ती वाया गेली नाही; जागा हीच, हे छातीठोकपणे सांगता आलं ते त्यामुळेच. पण परक्या देशात आल्यापासून माझी एक सवय झाली आहे. कुणाला त्रास नको म्हणून मी विचारत नाही, स्वतःच शोधत बसतो. काका-काकूंचं घरसुद्धा मला मिळालं ते मी नाइलाजाने एका अनोळखी माणसाला विचारलं म्हणून.

रविवारी सकाळी काकांनी फोटो पाहिला आणि लगेच लॅपटॉप उघडून वेबसाइटच्या स्वयंसेवकाला कळवलं. ते दोन बोटांनी टाइप करत असताना चहा घेऊन आलेल्या काकूंनी माझा फोन उचलला.

“हा कुणाचा डबा रे, समाधान?”

काकांची बोटं थांबली.

काकूंनी फोटो मोठा केला. “हा माझा आहे. पुण्याच्या आत्याने दिलेला. घर बदलताना हरवला म्हणून मी मूव्हर्सना किती बोलले.”

“अगं, तू वापरत नव्हतीस,” काका म्हणाले.

“वापरत नव्हते म्हणून डोंगरात नेऊन ठेवायचा? माझी लग्नाची पैठणी कुठल्या झाडावर आहे तेही सांगून टाका.”

मी म्हटलं, “काकू, तुम्हाला हवा असेल तर मी परत घेऊन येतो.”

काकू खुर्ची ओढून बसल्या आणि जुन्या नोंदी वाचू लागल्या, एक झाली की दुसरी. एका कुटुंबाने लिहिलं होतं, की डब्यावरची नक्षी फार सुंदर आहे, मुलीने कागद ठेवून पेन्सिलने तिचा ठसा घेतला. ही ओळ काकांनी जेवताना कधी वाचून दाखवली नव्हती.

“त्या पोरीच्या घरी माझं नाव आहे म्हणजे,” काकू म्हणाल्या. मग चहा काकांच्या पुढे सरकवला. “राहू दे तिथेच. पण ऑक्टोबरात पानं रंगली की मी येणार बघायला. समाधान, यंत्र तू धर. डबा मी ओळखते.”