गणपतभाऊजींचा शेवटचा डबा

आमचे शेजारी गणपतभाऊजी, साऱ्या आळीचेच भाऊजी, पोलादपूरच्या आमच्या आळीत शिरले की दिसायच्या आधी वासाने कळायचे. बिडीचा वास नव्हे हो तो. गूळ जरासा करपावा आणि त्यात कुणी मनुका टाकाव्यात, तसला. जन्मभर बोटीवर खलाशी होते. तिथल्या साहेबाच्या पाइपातली तंबाखू यांच्या जिभेला लागली, ती नोकरी संपवून घरी आले तरी सुटली नाही. पाइप मात्र त्यांच्या तोंडात कधी पाहिला नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "पाइप दातांत धरावा लागतो गो मंदा. माझ्या दातांनी माझ्या आधी पेन्शन घेतली."

मग ती तंबाखू ते सिगारेटच्या पातळ कागदात वळायचे. पायरीवर बसायचं, गुडघ्यावर कागद, त्यावर चिमटीने तंबाखू पसरायची. ती जाडीभरडी, ओलसर. जरा जोर झाला की कागद फाटलाच. वळून झाली की जिभेने चिकटवायची, पेटवायची, आणि दोन झुरक्यांत विझली की पुन्हा पेटवायची. आमचे हे म्हणायचे, "भाऊजी, तुमची एक वळून होईतो महाबळेश्वरची एसटी घाट चढली." त्यावर ठरलेलं उत्तर, "चढू दे. घाई केली की कागद फाटतो." पोरीचं स्थळ असो की घराची कौलं, ते हेच सांगायचे.

डबा यायचा दासगावच्या इब्राहिमभाईंकडून. ते अजून बोटीवर होते, सुट्टीला येताना आठवणीने आणायचे. सरूवयनी, म्हणजे भाऊजींची बायको, डब्याला हात लावायच्या नाहीत. "सगळा समुद्र फिरून आलात आणि घरात आणलात काय, तर धूर!"

एका वर्षी इब्राहिमभाईही बोट सोडून घरी आले. येताना शेवटचा डबा देऊन गेले. भाऊजी मग फक्त बाजाराच्या दिवशी एक वळू लागले. तंबाखू सुकू नये म्हणून डब्यात बटाट्याची चकती ठेवायचे, ती बदलत राहायचे. तान्ह्या पोराला जपावं तसं चाललेलं.

मे महिन्यात भाऊजी बहिणीकडे तुडीलला गेले होते. आमची पावसाळ्याची सुकवणं चालू होती. वयनींनी अंगणातून हाक मारली, "गो मंदा, ये बघ! म्हाताऱ्याला दिसत नाय. तंबाखू ओली किच्च झाली होती, वर बटाट्याची फोड पडलेली. बुरशीच धरली असती. सुकत घातली. डबापण राखेनं घासला."

बघते तर जुन्या लुगड्यावर एका अंगाला जवळ्याची सुकट, दुसऱ्या अंगाला तंबाखू. वाऱ्याने मधली हद्द केव्हाच पुसलेली. पण वयनींचा चेहरा असा फुललेला, की मी सूप घेतलं आणि सुकट पाखडायला बसले.

संध्याकाळी भाऊजी आले. दारातच थबकले. चकचकीत डबा उघडला, चिमूट घेतली. तिच्यात डोळ्यासकट सुकटीचं एक डोकं. मी खाली मान घालून उगाच सुकट पाखडत राहिले. वयनी पुढे झाल्या. "काय वो? बिघडलं काय?"

भाऊजींनी ते डोकं हळूच वेचून टाकलं. पायरीवर बसले. वळली, पेटवली. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "सरू, बोट धक्क्याला लागली की अगदी असाच वास यायचा गो."

"बघ मंदा! टाकून दे म्हणाली असतीस तू!" वयनी खूश.

वयनी आत गेल्यावर ते मला हळू आवाजात म्हणाले, "तिला सांगू नको हां. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात लावलान माझ्या डब्याला."

तो डबा ते तसाच ओढत राहिले, ठसकत. वयनी शेजारी बसून वाटाणे सोलायच्या, विझली की काडीसुद्धा पुढे करायच्या.

त्याच हिवाळ्यात वयनी तापाने गेल्या. भाऊजींनी वळणं बंद केलं. डब्यात चिमूटभर उरली होती. ते रोज पायरीवर बसून झाकण उघडायचे, नाकाशी धरायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, "भाऊजी, ओढून टाका की तेवढी. नाहीतर वास उडून जाईल."

"मनुकांचा कधीच उडाला गो," ते म्हणाले. "सुकटीचा तेवढा हाय."

आणि झाकण लावून ते चहूबाजूंनी दाबत बसले, सावकाश.