रातपाळीनंतरची सायकल

वरळीच्या गिरणीत रात्रभर साच्यापुढे उभं राहून सकाळी माझे पाय दगडासारखे होत. सायकलवर मात्र तेच पाय असे चालत, की संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी रंगलेल्या भिंती भराभर मागे पडत.

घोडपदेवच्या खोलीत आम्ही दहाजण पाळीपाळीने झोपायचो. एका गोदी कामगारात आणि माझ्यात मिळून एकच वाकळ होती. मी पोचायच्या जरा आधी तो कामाला निघून जाई. दोन वर्षांत आमचं धड बोलणं झालं नाही.

"एवढी कसली घाई रे?" चाळीखालची खाणावळवाली रोज विचारायची. नसत्या चौकशा. झोप आलीय, म्हणून मी तिला उडवून लावायचो.

वाकळेतली त्याची ऊब जायच्या आत मला पोचायचं असायचं.