ताप नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं

मागच्या रविवारी आमच्या बुद्धविहारात वंदना झाल्यावर माझ्या लेकीचं भाषण होतं... भाषण म्हणजे काय, महिला मंडळासमोर थोडा वेळ गप्पा. प्रज्ञा दुर्गच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करते. विषय तिनेच निवडला होता, पोटातले जिवाणू आणि आपली प्रतिकारशक्ती.

पुढचं तिला विचारूनच लिहितेय. शाळेच्या शेवटच्या वर्षात प्रज्ञाला अनोरेक्सिया झाला होता. जेवणाचीच भीती बसते, असा आजार. ताटावर बसली की पोरगी रडायची... नातेवाईक म्हणायचे, नखरे आहेत.

तेव्हा एकदा तिला खोकला झाला. अंगात त्राण नव्हतं, पण ताप अजिबात नाही. दवाखान्यात नेलं तर न्यूमोनिया निघाला! तिथल्या डॉक्टर मॅडमनीच पहिल्यांदा मूळ आजाराचं नाव सांगितलं. मग औषधं, समुपदेशन, आहारतज्ज्ञ... मधेच पुन्हा घसरण, पुन्हा सुरुवात. फार हळूहळू ती सावरली.

विहारात हे कुणालाच माहीत नव्हतं. तिला ते सांगायचंही नव्हतं.

बोलली मात्र इतकं सोपं! आपण जेवतो तेव्हा आतड्यातले जिवाणूही जेवतात. आपण उपाशी राहिलो की त्यातले बरेच कमी होतात, काही तर आतड्याच्या आतल्या थरावरच गुजराण करतात. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात. "पण यात आधी काय बिघडतं अन् नंतर काय, हे शास्त्रज्ञांनाही अजून पक्कं माहीत नाही," हेही तिने सांगून टाकलं.

"मंग रोज दही खाल्लं का झालं ना?" एकीने विचारलं. सगळ्या हसल्या.

"दही खा ना काकू, चांगलंच आहे. पण पोटभर जेवलं नाही तर नुसत्या दह्यानं भागत नाही."

तेवढ्यात कुरुदहून येणाऱ्या मेश्राम मावशी उठल्या. "हे सगळं पुस्तकातलं हाय बाई. माह्या नातीले पाहा... रिया पाखरावानी खाते. तरी सालभर ताप नाही आला तिले. तब्येत एकदम पक्की!"

प्रज्ञाने माईक टेबलावर ठेवला... मला वाटलं, आता ही खाली बसते.

"मावशी, मलेही नव्हता आला ताप," ती म्हणाली. "न्यूमोनिया होता, तरी नव्हता आला. ताप यायलेही अंगात ताकद लागते. अन् मी जेवतच नव्हते... मले अनोरेक्सिया होता. लोगों को लगा नखरे हैं. मी बिमार होते."

तिचे बाबा मागे बसले होते, प्लांटमधून ड्युटी संपवून थेट आलेले... त्यांनी चष्मा काढून पुसला.

मावशी हळूच तिच्याजवळ गेल्या. "रियाले तुह्याकडे घेऊन येऊ का, बाई?"

"माझ्याकडे नाही मावशी, डॉक्टरकडे. मी येते संग."

आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून ती खरंच गेली. रियाच्या रक्तात पांढऱ्या पेशी फार कमी निघाल्या, छातीतही संसर्ग होता. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. तिला भरती करून घेतलं आणि जेवणाच्या आजारावरही उपचार सुरू झाले.

रिया अजून फारशी बोलत नाही. प्रज्ञा तिला आग्रहही करत नाही, नुसती पलंगाजवळ बसून आपला डबा उघडते आणि निवांत जेवते... डॉक्टरांना विचारूनच. काल रियाने स्वतःहून हात पुढे केला आणि तिच्या डब्यातली अर्धी पोळी मागून घेतली. मावशींनी फोनवर मला हे सांगितलं.

सगळे म्हणून राहिले, तुमची पोरगी किती हुशार निघाली! हुशार तर ती आहेच... पण मला अभिमान आहे तो, भरल्या सभेत "मी बिमार होते" हे मान वर करून म्हणण्याचा. ज्या डॉक्टर मॅडमनी तिला आम्हाला परत दिलं, त्यांना मनापासून धन्यवाद. तुम्ही एक पोरगी वाचवली होती मॅडम... तिने आता दुसरीचा हात धरलाय.