एका बस्त्यातून दुसऱ्या बस्त्यात

माहे बाबा नेरडीगोंड्याकडच्या एका शाळेत क्लार्क. मी कॉलेजातून सुट्टीवर आलती. दुपारी त्यायचा फोन आला, "लवकर ये."

गेली तर टेबलापुढं एक पोरगी उभी, रडायच्या बेतात. बासरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता अन् कागद तपासायचा आखरी दिवस तोच. मेमोवर, म्हणजे दहावीच्या मार्कांच्या कागदावर, जन्मतारीख चुकलेली. म्हणून पहिलीच्या अन् दहावीच्या रजिस्टरातल्या नोंदी एकेक रकाना ताडून बाबाले तिले दाखला द्यायचा होता. दीडची बस गेली का सीट गेली. घड्याळात एक वाजून गेला होता.

रजिस्टरं जुन्या कॉम्प्युटरात टाइप करून ठेवलेली, पण त्याचा माऊस कधीचाच मेला. काळ्या पडद्यावर टाइप करूनच फोल्डरात शिरा लागते. बाबा एका बोटानं अख्खा रस्ता टाइप करत, शाळा, रजिस्टर, साल, वर्ग. एक रकाना पाहिला का पार बाहेर. दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, दरवेळी बाहेर काऊन येऊन राह्यले?"

"एक बस्ता बांधल्याबिगर दुसरा सोडायचा नाही. रेकॉर्डरूमचा कायदा हाय."

बस्ता म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. वीस वर्षं बाबानं तेच केलं.

"इथले कागद काही उडून जात नाहीत. सरका."

"घ्या, आता पोरगी बापाले उठवते."

मी फोल्डराच्या नावाची दोन अक्षरं मारून टॅब दाबला. बाकी नाव त्यानं सोताच भरलं. टॅब, टॅब, टॅब, पहिलीत पोचली बी. तसंच दहावीत. मग सी अन् डी ही दोन इंग्रजी अक्षरं, स्पेस अन् एक आडवी रेघ, एंटर. सरळ मागच्या फोल्डरात, म्हणजे पहिलीत. तेच पुन्हा मारलं का परत दहावीत. इतकं सोपं हाय हे, खरंच करून पाहा.

"दाखल नंबर पाहू दे. जा तिकडं. ये इकडं. आता आईचं नाव," बाबा म्हणून राह्यले अन् मी रेघ मारून राह्यली. पोरगी मांगून आकडे पुटपुटत होती.

सगळं जुळलं. चूक मेमोचीच. सही, शिक्का, एक वाजून वीस. पोरगी चपला हातात घेऊन रोडाकडं पळाली.

साडेचारले तिचा फोन आला. "अक्का, घेतले कागद. सीट पक्की."

बाबाले सांगितलं. ते खुर्चीत मांगं टेकले, डोळे मिटले. माहे खांदे दुपारपासून कानापाशी चढून बसले होते, ते मले तवा समजलं, खाली आले तवा.