येळवशीचं आवतन

माधवराव सरांचं शिल्पाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं, ते तिनं एका पोराचं कपाळ कंपासपेटीनं फोडलं तेव्हा. अहमदपूरच्या शाळेत ती नुकतीच आली होती, आत्याकडे राहायची.

"का मारलंस गं?"

"सर, त्यो म्हणला, तुझ्या बापानं चुलत्याचा हात तोडला."

"मग खोटं आहे का ते?"

"खरं हाय. पर त्यानं कशाला म्हणावं?"

हळूहळू सरांना सगळं कळलं. शिल्पाचे वडील शेषेराव आणि काका दयानंद सख्खे भाऊ, दोघांच्या रानांमध्ये एक बांध. दरसाल कुणीतरी नांगरानं तो कोरायचा आणि डोकी फुटायची. काठी खांद्यावर बसली की डोक्यात, हे शिल्पाला घरात बसून आवाजावरून कळायचं.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात कडब्याच्या कोपीत, खोपटात, पाच दगड मांडून पांडव पुजतात, भज्जी-अंबील होते आणि बांधावरून दिसेल त्याला जेवायला हाक मारतात. आलेलं आवतन कुणी मोडत नाही. शिल्पा नऊ वर्षांची असताना एका येळवशीला तिनं बांधापलीकडे हाक दिली, "काका, जेवायला या की!"

दयानंद क्षणभर थबकले. मग अंबिलीचं गाडगं उचलून बांध ओलांडून आले. शेषेराव कोपीमागे कडबा तोडत होते. भावाचा पाय आपल्या रानात पडलेला तेवढा त्यांना दिसला. कोयता मनगटावर बसला. गाडगं फुटलं, काळ्या मातीत अंबील आणि रक्त एक झालं. दयानंदच्या पोरानं धावत येऊन शेषेरावांच्या तोंडावर दगड घातला. जबडा मोडला तरी त्यांच्या हातातला कोयता सुटेना.

खटला उभा राहिला तेव्हा शिल्पा आठवीत होती. जामिनावर आलेले शेषेराव म्हणाले, "त्याच्या हातात कुऱ्हाड व्हती म्हण. मी सुटतो." तिनं नाही म्हणून मान हलवली, तेव्हा आई साखराबाईनं तिच्या दंडावर तापलेलं उलथनं टेकवलं.

दंडावरचा फोड घेऊनच ती सरांकडे आली. "सर, म्या हाकच मारली नसती तर?"

"जेवायला बोलावणं हा गुन्हा नाही, पोरी."

लातूरच्या कोर्टात वकिलानं विचारलं, "काकाच्या हातात काय होतं?"

"अंबील."

"नक्की?"

"आवतन म्याच दिलं व्हतं, साहेब. जेवायला येताना कुणी कुऱ्हाड आणतं का?"

बाहेर येताच साखराबाईनं तिचे केस धरून तिला पायरीवर आपटलं. "आजपून तू आमाला मेलीस!" ओठ फाटला. शेषेरावांना शिक्षा झाली.

पुढे शिल्पा लिहू लागली. नांदेडच्या एका कार्यक्रमात तिनं ही हकिकत वाचली. माधवराव सर पहिल्या रांगेत होते. एका म्हाताऱ्यानं उठून विचारलं, "बाई, मग तुम्ही कुणाकडच्या?"

"ते अजून ठरलं न्हाई, आजोबा."

शिल्पा आता शिरूर अनंतपाळला शिक्षिका आहे. येळवशीला ती दयानंदकाकांच्या कोपीत जेवते. शिक्षा भोगून आलेले शेषेराव बांधापलीकडे असतात. येणाऱ्याजाणाऱ्याला ते जेवायला हाक मारतात, फक्त तिला हाक देत नाहीत.